गुडघ्यातली धागा कटिंग

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्स शिवता शिवता माझी वीस वर्षं गेली. आमच्या मशीनला खाली एक दांडा असतो. हात कापडात गुंतलेले, म्हणून उजव्या गुडघ्याने तो बाजूला ढकलायचा, की कापड दाबून धरणारा पाय वर उठतो. माझा नेमका तोच गुडघा एके दिवशी अडकला. सरळ होईना की वाकेना.

शेठ मनाचा चांगला. म्हणाला, "बहन, ठीक होने तक धागा कटिंग में बैठ जा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं ते काम एक मावशी करायची. आम्ही कारागीर जागेवरूनच तिच्याकडे माल फेकायचो. आता मी तिच्याशेजारी! पहिल्याच दिवशी रागारागात कात्री चालवली आणि एका पँटीला भोक पाडलं.

"धागा काप गं, कापड नको," मावशी एवढंच म्हणाली.

मशीनवर परत बसता येईल की नाही, हा एकच घोर घेऊन मी अंबरनाथला डॉक्टरांकडे गेले. गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, दोन बारीक भोकं पाडून.

कमरेखाली बधिर केलं होतं, पण मी टक्क जागी. समोरच्या टीव्हीवर माझाच गुडघा आतून दिसत होता. गादीची कड उसवलेली, जीन्सच्या कच्च्या कडेसारखे धागे लोंबत होते. मला राहवेना.

"डॉक्टर, शिलाई मारा ना."

"ही कड टाका धरणार नाही, ताई. साफ करतो."

"म्हणजे धागा कटिंगच की!"

ते हसले. "तेच. फक्त चांगल्या भागाला धक्का लागू द्यायचा नाही. सगळं कसब त्यातच आहे."

मला मावशी आठवली.

बघायला आलेले नातेवाईक दोन टाके पाहून हिरमुसले. "एवढंच होय?" म्हणत चहा पिऊन गेले. मी मात्र नेमाने व्यायाम केले आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मशीनवर बसले. भीत भीत दांडा ढकलला. पाय वर उठला. माझे डोळेच भरून आले.

पहिली पँट शिवून झाली. मावशीने सवयीने झेलायला हात पुढे केले. मी उठून गेले आणि तिच्या हातात ठेवली.

"फेकायची की गं. कशाला उठलीस?"

"उठता येतं ना आता," मी म्हटलं.