आधी टेकव, मग माघारी ये

निवड चाचणीत मी जे केलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. आणि हसूही येतं.

आम्ही कुरुळीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून येऊन चाकणच्या एका कंपनीत लागलेले. मी शाळेपासून कबड्डी खेळणारी; रग्बी सुरू करून जेमतेम तीन महिने झाले होते. "हातपाय मोडून घेतले तर हिला करून घेणार कोण?" म्हणत आईचा साफ विरोध. शेवटी तोडगा निघाला: राज्याच्या संघात निवड झाली तर खेळायचं, नाहीतर बूट माळ्यावर.

चाचणी दिघीला होती. अण्णा फर्स्ट शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले. चेंडू हातात आला आणि मी सुटले. दोघी-तिघींना चकवून थेट शेवटची रेषा ओलांडली. तिथे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात. मी काय करावं? कबड्डीच्या सवयीने गर्रकन वळले आणि दम धरून माघारी पळत आले! मधली रेषा गाठून ऐटीत हात वर केला, तेव्हा अख्खं मैदान पोट धरून हसत होतं.

गाडीवर मागे बसून मी रडत होते. मोशी आली तशी अण्णांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "जाताना बी न्हाई, येताना बी न्हाई. एकीला तरी सापडलीस का? मग रडायलीस कशाला?"

निवडणाऱ्यांनीही तेच पाहिलं असावं. यादीत माझं नाव होतं.

पुढे भारताची जर्सी मिळाली. प्रत्येक दौऱ्याला निघताना अण्णा दारात उभे राहून न चुकता सांगायचे, "आधी टेकव. मग माघारी ये." मी चिडायचे, ते आणखी हसायचे. आई आत भांडी आपटत असायची. तिने माझा एकही सामना पाहिला नाही.

माझ्या शेवटच्या दौऱ्याच्या दोन महिने आधी अण्णा वारले. निघायच्या दिवशी ते रिकामं दार मला बघवेना. बुटाची बांधलेली नाडी सोडून मी पुन्हा बांधत बसले. तेवढ्यात आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि दारात, त्यांच्या जागी उभी राहिली.

"आधी टेकव," ती म्हणाली.

पुढचं तिच्या तोंडून निघेना.

"येते गं माघारी," मीच म्हणाले.