उसनी शांतता

डेन्मार्कच्या या बाई माहितीपट काढतात. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि जे केलं त्यातलं बरंचसं लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून केलं. बोटीवरचं, तुरुंगातलं, ख्रिस्ती जोगिणींच्या मठातलं. जेवणाआधी माणसं काय करतात, एवढंच त्यांना बघायचं असतं. त्यांना मिळालेलं एक पितळी बक्षीस घरी खिडकीला टेकवून ठेवलेलं असतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्यात विनय नव्हता. खिडकी खरंच आपटते म्हणे.

मंडईतली भाजी पानात पडेपर्यंतचा प्रवास टिपायला त्या पुण्यात आल्या, तेव्हा मी ग्रंथालयातून नुकताच निवृत्त झालो होतो. कोणीतरी दुभाषा म्हणून माझं नाव सुचवलं. मंडई त्यांना भरभरून मिळाली, पण स्वयंपाकघर मिळेना. ज्या घरी जावं तिथल्या वहिनी काठाची साडी नेसून, ओटा पुसून, छापील मराठी बोलत उभ्या. शेवटी आम्ही माझ्याच घरी गेलो. बायको गाऊनवर ओढणी टाकून भेंडी चिरत होती. "या. चपला तिकडे," एवढंच म्हणाली. बाईंचा चेहरा उजळला.

त्यांच्या कामाचे दोन नियम मला तेव्हा कळले. पहिला नियम त्यांच्या वडिलांमुळे झाला. वडील एका लहान बंदरात फेरीबोट चालवायचे. पोरवयात बाईंनी पहिला चित्रपट त्यांच्यावरच केला. त्यात ते टोपी काढून टक्कल पुसताना दिसले आणि सगळं गाव हसलं. वडील तो पूर्ण हिवाळा लेकीशी बोलले नाहीत. तेव्हापासून चित्रपट आधी त्यातल्या माणसांना दाखवायचा, आणि ते म्हणतील तो भाग नुसता वगळायचा नाही, कायमचा पुसायचा.

दुसरा नियम शांततेचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कोणीही न बोलता ती मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवायची, म्हणजे पुढे तुकडे जोडताना सांध्यांखाली घालता येते. मी हे बायकोला समजावलं. बाईंनी कानाला हेडफोन लावून बोट वर केलं.

"अहो," बायको कुजबुजली, "काय ऐकतायत त्या?"

"शांतता."

"आपल्या घरात?"

बाईंनी पुन्हा बोट वर केलं. कुकरने शिट्टी दिली. तिसऱ्या वेळी दूध उतू गेलं, आणि त्यावर कोणाचं लक्ष असायला हवं होतं याबद्दल बायकोने माझ्याशी स्पष्ट चर्चा केली. शेवटी बाईंनी हात टेकले. शेजारी गावाला गेले होते, किल्ली आमच्याकडे होती. चित्रपटात आमच्या स्वयंपाकघराची म्हणून जी शांतता आहे ती शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली आहे. विरजणासारखी.

चित्रपट जोडून झाल्यावर बाईंनी तो आमच्या बैठकीत दाखवला. बाई बायकोमागून मंडईतही गेल्या होत्या; तिथे कोथिंबिरीची घासाघीस झाल्यावर तिने दोन मिरच्या स्वतःच उचलून पिशवीत टाकल्या होत्या. ते बघताच ती ताठ बसली.

"यांना सांगा, मला काढा. सगळं जग बघणार मी मिरच्या ढापताना? आणि वर तो गाऊन!"

"सगळंच काढायचं?" मी विचारलं.

"हात राहू देत. हात बरे दिसतायत."

बाईंनी मान हलवली. चित्रपटात आज भेंडी चिरणारे दोन हात आहेत, बाकी काही नाही.

गेल्या वर्षी बायको गेली. फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र कुठेच नाही. मोबाइलवर ती निरोप ठेवायची नाही, लग्नाच्या व्हिडिओंमध्ये ती बोलताना दिसते आणि वर सनई वाजत असते. मला ती चिडलेली ऐकायची होती, एवढीच इच्छा होती.

या हिवाळ्यात बाई भेटायला आल्या. आता काठी घेऊन चालतात. चहा झाल्यावर मी विचारलंच, तिच्या भागातलं काही उरलंय का?

"नाही," त्या म्हणाल्या. "शब्द दिला होता."

त्यांनी "हो" म्हटलं असतं तर मला आनंद झाला असता, आणि त्यांच्याबद्दलचा आदर थोडा कमी झाला असता.

मग त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. "एक गोष्ट आहे. ही तिचा भाग आहे की नाही, मला ठरवता आलेलं नाही. तिने जे पाहिलं ते काढायला सांगितलं. हे तिने पाहिलं नव्हतं. ही तुमच्या खोलीची शांतता आहे, फसलेली. मी फसलेल्या शांतता टाकत नाही. पण मला मराठी येत नाही. ऐका, आणि ती काय म्हणते ते मला सांगा. मग बघू."

त्यांनी हेडफोन माझ्या कानांना लावले. शिट्टी. दूध. मग माझा उद्धार, शब्द न् शब्द. मला हसू आलं, तशी बाईंची नजर माझ्यावर स्थिरावली. शेवटी पातेलं आपटल्याचा आवाज आला आणि मला मुळीच न आठवणारं एक वाक्य.

"झाली का हो यांची शांतता घेऊन? म्हणावं, ठेवा जपून. आमच्याकडे रोज मिळत नाही."

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

मी दुभाषाच होतो. जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. "जपून ठेवा म्हणाली?"

"हो."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पेन ड्राइव्ह शोधायला पिशवीत हात घातला.