भट्टीवरची परकी पोर

काष्टीच्या बाजारात कोयता घ्यायचा तर कानिफनाथ लोहाराचाच, असं ऊसतोडीला जाणारी माणसं म्हणत. त्या कोयत्यावरचा घण मात्र त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा. लग्न होऊन आली त्याच साली सासऱ्यानं तिच्या हाती घण दिला, तो अजून सुटला नव्हता. कानिफनाथ तापलं लोखंड सांडशीत धरून हातोडीनं जिथं टिचकी मारी, तिथं तिचा घण पडे. बोलायची गरज नसे. चुकलंच तर तो बोले, "आंधळी हायेस का?" लोहाराची जीभ अशीच असायची, असं तिनं मनाशी धरून टाकलं होतं.

पोळा झाला आणि आरती नावाची तरुणी भट्टीवर आली. घर इथलंच, पण पोरगी पुण्यात वाढलेली. तिच्या घरच्या देवघरात दसऱ्याला एका पेशकब्जाच्या नुसत्या म्यानाची पूजा व्हायची. पेशकब्ज म्हणजे पूर्वीची माणसं कमरेला खोचत तो सुरा. पाठीला जाड आणि टोकाकडं सुईसारखा निमुळता. आतलं पातं कधीच हरवलं होतं.

"काका, ह्या म्यानात बसेल असं, जुन्याच वळणाचं पातं हवंय. धार नको, पूजेत ठेवायचंय. पण घडवायला मी पण हात लावणार. शिकवाल?"

आता हा हिला वाटेला लावणार, असं लंकाबाईला वाटलं. कोयत्यांच्या कामानं मान वर करायला फुरसत नव्हती. पण कानिफनाथ म्यान उलटंसुलटं करत चक्क हसला. "आमच्या आज्यानं असलं काम केल्यालं. ये उद्या सकाळच्याला."

दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाला वाचाच फुटली. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा भट्टीत घालून तो आरतीला म्हणे, "रंग बघत राहायचं, पोरी. पळसाच्या फुलावानी झाला की काढायचा. पिवळ्याच्या म्होरं गेला तर पोलाद जळालं म्हनून समज." पाठ जाड का ठेवायची, तापलं पातं बुडवून पाणी कधी पाजायचं, सगळं तो उकलून सांगे. लंकाबाई भट्टीच्या पंख्याच्या बटणापाशी उभी राहून ऐके. हे सगळं तिच्या डोळ्यांना ठाऊक होतं. पण शेजारी उभं राहून तिनं जे चोरट्यासारखं टिपलं होतं, ते हा ह्या पोरीला ताटात वाढून देत होता.

एक दिवस तो म्हणाला, "लंके, च्या टाक. घण आरती मारंल."

चुलीपाशी तिला घणाचे घाव ऐकू येत होते. एक ऐरणीवर, एक भलतीकडंच. मागून कानिफनाथचं हसणं. "खांद्यानं नगं, कमरंतनं मार." दूध उतू गेलं तरी ती बघत राहिली.

शेजारची छबूबाई म्हणाली, "संबाळ गं बाई, तरनी पोर हाय."

"त्यातलं न्हाई गं त्ये," लंकाबाई म्हणाली. मग काय आहे, ते तिला सांगता येईना.

पातं जवळजवळ झालं होतं, टोक तेवढं ठोकून निमुळतं करायचं राहिलं होतं. तेवढ्यात बाहेर कुणी ट्रॅक्टर घेऊन आलं म्हणून कानिफनाथ उठला. पातं भट्टीत होतं. रंग पळसाचा झाला. आरतीनं विचारलं, "काकू, काढू का?"

लंकाबाईनं रंग पाहिला. "न्हाई. तापू दे अजून."

पिवळं झालं, पांढरं झालं आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. आरतीनं घाईनं ओढलं, तर टोक गळून निखाऱ्यांत पडलं. लंकाबाईला आतून गार वाटलं. आता येईल आणि हिच्यावर खेकसेल, याची ती वाट बघू लागली.

कानिफनाथ आला. पातं उचललं, बघितलं. आरतीचे डोळे भरले होते.

"व्हतं असं, पोरी. आगीचं काम हाय. दुसरं करू की."

लंकाबाईच्या हातात पाण्याची बादली होती, ती तिनं तिथंच आदळली. "मला कवा म्हनलायसा असं? घण तिरका पडला तवा चारचौघांत हातातनं हिसकून घ्येतला व्हता! आन् त्ये तिनं न्हाई, म्या जाळलं. तिनं इचारलं, म्या खोटं सांगितलं!"

कानिफनाथ खाली बघत म्हणाला, "तुला येतच व्हतं की सगळं. तुला काय सांगायचं?"

"तरीबी सांगायचं व्हतं," ती म्हणाली आणि घरात गेली.

सकाळी ती भट्टीवर गेली नाही. आरतीच्या घणानं नवा पाटा काही दबेना. उन्हं वर आल्यावर कानिफनाथ दारात येऊन उभा राहिला. "चल की."

"घण मारायला न्हाई येनार. सांडशी धरीन."

त्यानं बाजूला होऊन तिला वाट दिली. मग म्हणाला, "चल."

आरती भट्टीशी बसली, लंकाबाईनं सांडशी आणि हातोडी धरली आणि कानिफनाथनं घण उचलला. ती टिचकी मारी, तिथं तो घाव घाली. थोड्याच वेळात तो घामाघूम झाला आणि एक घाव तिरका पडला. "आंधळं झालात का?" ती बोलून गेली. कानिफनाथनं कपाळ पुसलं आणि पुढचा घाव नीट घातला.

"काकू, ह्या वेळी कधी काढू?" आरतीनं पातं पुन्हा तापल्यावर विचारलं.

लंकाबाईनं पोरीकडं पाहिलं. "आता. काढ."

दसऱ्याला आरतीनं पूजेचा फोटो मोबाईलवर पाठवला. 'काका आणि काकूंनी घडवलेला पेशकब्ज', असं खाली लिहिलं होतं. शेजारच्या शाळकरी पोराकडनं लंकाबाईनं ते वाचून घेतलं. आधी काका म्हटलंय, हे तिला लागलंच. पोरीनं लावलेला जीव कळत होता, तरी लागलं.

आता बाजारात कानिफनाथच्या कोयत्यांशेजारी तिचं वेगळं पोतं असतं. त्यावर तिनं स्वतः पाणी पाजलेले विळे असतात. काही तडकले, काही बरे निघाले. एखादी बाई तिचा विळा उचलून नखावर धार बघायला लागली, की कानिफनाथ आपला कोयता पुढं करून घाईनं म्हणतो, "ह्यो बी बघा की, ताई." तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. लंकाबाई ते पुरतं बघून घेते, आणि मगच विळा कागदात गुंडाळते.