मधल्या मजल्यावरचे तीन ठोके

बेसमेंटमधल्या हीटिंगच्या पाइपमधून वरून तीन ठोके आले. सकाळचे बरोबर नऊ.

"वॉटर हॅमर," आमचे प्रोजेक्ट मॅनेजर वानखेडे म्हणाले. पाइपमधलं पाणी अचानक अडलं की असा दणका बसतो.

"पाणी कुठलं? चार दिवसांपूर्वी मीच पाइप ड्रेन केलेत."

"मग भूत असन. काहून घाबरता मॅडम?" मूळच्या नागपूरकर वानखेड्यांनी हसत हातातल्या पान्याने पाइपवर एक ठोका दिला.

वरून लगेच तीन आले. वानखेड्यांचं हसू गेलं.

वानखेड्यांसारखीच नोकरीसाठी परदेशात आलेली मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. सोमवारी हा टॉवर पाडायचा होता. आत कुणी नाही, या कागदावर माझी सही हवी होती. गरीब कुटुंबांसाठी एके काळी मोठ्या हौसेने बांधलेली ही वसाहत. खर्च वाचवायला आर्किटेक्टने लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबवली. मधल्यांना जिना. तेव्हा म्हणे फार कौतुक झालं.

"फ्लोअर चेक कसे केले?" मी विचारलं.

"टीम लिफ्टने गेली. मधले मजले सामान नेणाऱ्या मूव्हर्सच्या लिस्टवरून..." वानखेडे बोलता बोलता थांबले.

लिफ्ट आता बंद. आम्ही चढलो.

आठव्या मजल्यावर एक दार नुसतं लोटलेलं होतं. रिकाम्या खोलीत, हीटिंगच्या थंड रेडिएटरशेजारी, कोट घातलेली एक म्हातारी बसली होती. हातात लोखंडी डाव.

"मी डोरीन. सामान गेलं माझं," ती म्हणाली. "पण लोरेटाला न सांगता कशी जाऊ? ती खाली सातव्यावर. रोज नऊला मी याच्या पाइपवर तीन ठोके देते, ती तीन देते. म्हणजे दोघी जिवंत. चार दिवस ती गप्प होती. आज बोलली."

मी हातातली रहिवाशांची यादी पाहिली. सातवा मजला, लोरेटा: चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये हलवलं. त्याच दिवशी मयत.

मी सांगितलं. डोरीनने मान हलवली, पटल्यासारखी नाही.

"सॉरी मॅम, तो मी होतो," वानखेडे म्हणाले. "गंमत म्हणून एक ठोका दिला."

"एक?" डोरीन म्हणाली. "मी नऊला एकदाच दिले. उत्तराचे मला तीन ऐकू आले."

दुपारी तिची भाची येऊन तिला घेऊन गेली. त्यानंतर मी एकेक मजला पायी चढून, प्रत्येक दार उघडून पाहिलं आणि मगच सही केली. रिपोर्टमध्ये ठोक्यांपुढे 'प्रतिध्वनी' लिहिलं.

रिकामी इमारत पायांनी तपासावी, यादीने नाही. आणि पाइपला उत्तर देऊ नये.