आत्या नम्र नव्हती

आत्या गेल्याची तार पुण्याच्या वसतिगृहात आली तेव्हा मी जेवत होते. श्रीगोंद्याला पोचेपर्यंत डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. दफनाच्या उपासनेत मात्र ते थांबलं, आणि त्या जागी जी किळस आली ती महिना उलटला तरी गेलेली नाही. पाळकसाहेब शवपेटीशेजारी उभे राहून म्हणाले, "दयाबाई म्हणजे नम्रतेची मूर्ती. शुभवर्तमानातल्या त्या परक्या बाईसारखी, मेजाखालच्या चुऱ्यात समाधान मानणारी." पुढच्या बाकावरचे चर्चचे पंच माना डोलवत होते. याच माणसांनी तिला मरेपर्यंत प्रभुभोजन, उपासनेतली ती भाकर आणि द्राक्षरस, घेऊ दिलं नव्हतं...

आत्या मुलींच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. माझ्या इंग्रजी शाळेची थट्टा करायची. "तुमच्याकडे देवालाही 'प्लीज' म्हणतात का गं?" मी फारसं बोलत नसे, म्हणून ती माझ्यापाशी सगळं बोलायची.

गेल्या उन्हाळ्यात, दुष्काळात, चर्चच्या आवारात मुलांसाठी लापशी शिजायची. मदत सगळ्यांसाठी आलेली. पंचांनी पद्धत पाडली ती अशी, की आधी मंडळीतली, म्हणजे चर्चच्या घरांतली, मुलं पंगतीत जेवणार; उरलं तर बाकीच्यांना, फाटकाबाहेर, त्यांच्या भांड्यात. तिथे एक पंच डाव उंच धरून वरूनच ओतायचे, भांड्याला लागू नये म्हणून. खडी फोडायच्या कामावरची गजराबाई मुलीला घेऊन तिथे उभी असायची. तिचं घर बौद्ध, आणि माझे आजोबा ज्या वस्तीत जन्मले त्याच वस्तीतलं. आजोबांच्या ओंजळीत पाणी असंच वरून पडायचं. दोन पिढ्यांत आमची माणसं ओतायला शिकली होती.

अशा दिवसांत एका रविवारी पाळकसाहेबांनी नेमका तोच उतारा घेतला. आजारी लेकीसाठी येशूच्या मागे लागलेली परकी बाई, लेकरांची भाकर कुत्र्यांना घालू नये हे त्याचं बोलणं, आणि पडलेला चुरा तर कुत्रीही खातात, हे तिचं उत्तर. "खरा विश्वास म्हणजे ही नम्रता," ते म्हणाले. बायकांच्या बाजूला बसलेली आत्या उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, ती नम्र नव्हती. लेकीसाठी तिनं प्रभूला उलट उत्तर दिलं. आणि प्रभूनं तिचं ऐकलं, 'नाही' म्हटलेलं मागे घेतलं. त्याला त्यात विश्वास दिसला. तुम्हाला नुसता चुरा दिसतो?"

"बाई, खाली बसा," एक पंच म्हणाले. "ही उपासना आहे, शाळा नाही."

"शाळा असती तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. उपासना संपल्यावर आत्या थेट फाटकाशी गेली आणि गजराबाईच्या मुलीचा हात धरला.

"नगं बाई, तुमास्नी तरास व्हईल. आमी हितंच बरं."

"तुला बरं असेल. पोरीला विचार."

"लई भूक लागलीया," पोर म्हणाली.

आत्यानं तिला पंगतीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. काही घरांनी आपली मुलं भरल्या ताटांवरून उठवून नेली. त्या ताटांवर माश्या बसल्या. दुष्काळात...

पंचांनी ठरवलं, माफी मागेपर्यंत प्रभुभोजन नाही. "मी माफी मागितली तर त्या पोरीला पंगतीतून उठवल्यासारखं होईल," ती मला म्हणाली. तरी ती उपासनेला जात राहिली. भाकर तिच्यासमोरून पुढे सरकायची आणि ती मांडीवरचे हात बघत बसायची. हे तिला फार लागलं होतं. मग ताप आला आणि त्यातच ती गेली.

दफनानंतर घरी चहा झाला. एक पंच बिस्किट चावत वडिलांना म्हणाले, "दगडावर 'प्रभूची नम्र सेविका' असं लिहू. खर्च मंडळी करेल."

"नम्र नको," मी म्हणाले.

"का गं? चांगला शब्द आहे." त्यांच्या ओठांवर बिस्किटाचा चुरा होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दगडाचं आमचं आम्ही बघू.

सगळे गेल्यावर गजराबाई आली, ती पुढच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात. "तुमी बसा, ताई," म्हणत तिनं स्टोव्ह पेटवला. आत्या कुणालाही कप खाली ठेवून देत नसे. हातात द्यायची, आणि समोरच्याची बोटं नीट बसेपर्यंत स्वतःची काढायची नाही. गजराबाईनं कप पुढे केला. मी तो धरला, तरी तिनं सोडला नाही.

"गरम हाय," ती म्हणाली. "नीट धरा, मंग सोडते."