शेवटी ताकद परत येत नाही

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचनालयात मी शनिवारी मुलांना गोष्टी सांगते. एकदा मुलांच्या आयाही मागं बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर त्यातल्या एकीनं विचारलं, "गोष्ट कशी रचायची हे शिकायचं असेल तर काय वाचावं?" मी म्हटलं, "वाचू नका, बघा," आणि एका कार्टून सिनेमाचं नाव घेतलं. अचाट शक्ती असलेल्या एका कुटुंबाचा सिनेमा. सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. तो सिनेमा मी कुठल्या अवस्थेत पाहिलाय ते तिथं भर सभेत सांगणं शक्यच नव्हतं. इथं सांगते.

सिनेमा आमच्या घरात आला तो मुलीमुळं. ती तेव्हा तिसरीत होती. हिंदीत डब केलेला तो सिनेमा टीव्हीवर लावायची आणि रविवारची दुपार त्याच्यासमोर काढायची. गोष्ट अशी की एका शहरात एक कुटुंब राहतंय. बाप कोसळणारी कुठलीही वस्तू दोन हातांवर पेलतो, मग ती भिंत असो की पूल. आईला चार-चार मैलांवरचं ऐकू येतं. थोरली मुलगी भिंतीवरून पळते. धाकट्या मुलाला मात्र काहीच येत नाही. शहरातले पूल पाडणारा एक खलनायक आहे, पण तो दिसायला अर्धा सिनेमा जावा लागतो. तोवर काय चालतं, तर घरातलं सगळं. बूट सापडत नाही, डबा राहतो, बाप बारीकसारीक गोष्टींवर चिडतो. कारण त्याच्या हातातली ताकद जात चालली आहे आणि ते त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

मी स्वतः लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते, त्यामुळं पहिल्यांदा बघताना मला कौतुक वाटलं ते बापाच्या खोट्याचं. बाप मोठं काही खोटं बोलत नाही. कुणी काही उचलायला सांगितलं की "हात जरा दुखतोय" एवढंच म्हणतो. दुसऱ्या वेळी "झोप झाली नाही." प्रत्येक वेळी खरं वाटेल एवढंच. दुसऱ्या कुणी लिहिणाऱ्यानं बापाला रात्री आरशासमोर उभं करून रडवलं असतं. इथं तो फक्त चहाचा कप दोन हातांनी धरायला लागतो. बघणाऱ्याला ते दिसतं, घरातल्यांना दिसत नाही.

माझा नवरा शाळेची बस चालवायचा. मूळचा शाहूवाडीकडचा. घरची भातशेती भावांकडं राहिली आणि हा गाडीच्या वेडानं कोल्हापुरात आला. आधी घाटात ट्रक चालवले, मग लग्नानंतर बस. आमच्या गल्लीत रिक्षा वळवताना लोकांना घाम फुटतो, तिथं हा आरशात एकदा बघायचा आणि अख्खी बस उलटी आत घालायचा. क्लीनर नाही, हाका नाहीत. पोरं खिडकीतून टाळ्या वाजवायची. त्याला एवढाच एक अभिमान होता, आणि तो पुरेसा होता.

आमची मुलगी त्याच्याच बसमधून शाळेत जायची. पुढच्या डाव्या सीटवर बसायची.

त्या वर्षी त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला सारखा आपटायचा. ताटाशेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडायचा. एकदा बसच्या डाव्या बाजूला लांब ओरखडा आला, तर म्हणाला, "मोटरसायकलवाला येऊन घासला, त्याला डोळं न्हाईत." कधी म्हणायचा ऊन डोळ्यांवर येतंय, कधी चष्म्याचा नंबर वाढलाय. मी म्हणायचे, नंबर काढून घ्या. तो म्हणायचा, सुट्टी लागू दे की.

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. जेवणं झाली होती. नवरा भिंतीला टेकून शेंगा फोडत बसला होता, मुलीनं सिनेमा लावला होता. त्यातला एक प्रसंग मला फार आवडायचा. बाप घरात एकटा असताना फ्रिज उचलून बघतो. उचलत नाही. पुन्हा जोर लावतो, धापा टाकतो. तिकडं आई भाजीबाजारात उभी आहे, भोवती गलका आहे, आणि त्या सगळ्या गलक्यातून तिला नवऱ्याची धाप ऐकू येते. तिच्या हातातली पिशवी खाली जाते. ती घरी येते, आणि एक शब्द विचारत नाही. "जेवायला वाढू का?" एवढंच म्हणते.

मी मुलीला म्हटलं, "काय बाई आहे ही! एवढं कळलंय तर सरळ विचारत का नाही?"

"विचारलं तर त्याला रडू येईल," मुलगी म्हणाली. मग पडद्यावर बापाच्या कानात हळूच काही सांगणाऱ्या धाकट्या मुलाकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्याला पण कळलंय. हा माझ्यासारखा हाय. मी पण सांगतो की पप्पांना."

आमच्याकडं मुली असंच बोलतात, मी जातो, मी येतो. मी हसत विचारलं, "काय सांगतोस गं पप्पांना?"

"डावीकडनं गाडी आली म्हणून. पप्पांना तिकडचं दिसत न्हाय. आमचं ठरलंय, आईला सांगायचं न्हाय."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. "गप बस," नवरा म्हणाला, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. मुलगी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागली. मी टीव्ही बंद केला, तिला खालच्या मजल्यावर खेळायला पाठवलं आणि दाराला कडी घातली.

"काय म्हणाली ती?"

"पोरगीच हाय. खेळ हाय आमचा."

मी त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि हात वर करून बोटं हलवली. तो समोर बघत राहिला. मी हात पुढं पुढं आणत गेले. त्याच्या नाकाच्या रेषेत हात आला, तेव्हा त्याची मान दचकून मागं गेली.

मी खाली बसले.

"कधीपासनं?"

"पावसाळ्याच्या आधीपासनं असंल. आधी थोडंच हुतं."

"आणि तुम्ही बस चालवताय? एवढी पोरं घेऊन?"

"सावकाश चालवतो की. मान वळवून बघतो. आणि ती असती शेजारी."

"ती आठ वर्षांची आहे हो!"

तो शेंगांच्या टरफलांकडं बघत म्हणाला, "मला दुसरं काय येतंय, सांग की. स्टिअरिंग काढून घेतलं तर मी कोण हाय?"

माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती पुढची सीट येत होती, आणि त्यावर पाय लोंबकळत बसलेलं माझं पोर, जिनं इतके महिने रस्त्यावरची नजर एकदाही हलवली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसची किल्ली मुठीत धरून दारात उभी राहिले. तो आंघोळ करून, युनिफॉर्म घालून आला. मला बाजूला सारणं त्याला अवघड नव्हतं. "पोरं स्टॉपवर वाट बघत असतील," तो म्हणाला. मी हलले नाही. तो पुन्हा तेच म्हणाला, या वेळी विनवणी केल्यासारखं. शेवटी त्यानं बसच्या मालकाला फोन लावला आणि सांगितलं, "अंगात ताप हाय, आजची गाडी दुसऱ्याकडं द्या." त्या खोट्यावर आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

तिथं एका मशीनवर हनुवटी टेकवून बसवतात. आत बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं स्टुलावर बसले होते. तपासणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर दिवे कुठं लागतात ते मला दिसत होतं. आधी बटणाचा आवाज येत होता, टक, टक. मग दिवे डावीकडं सरकले आणि आवाज बंद झाला. दिवा लागत होता, विझत होता. पुन्हा लागत होता. खोलीत नुसती शांतता. तो अंगठा बटणावर ठेवून वाट बघत होता, त्याला वाटत होतं अजून दिवा लागलाच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, लागलाय, दाबा. मी पदर तोंडात धरला.

डॉक्टर बाई शांतपणे बोलल्या. काचबिंदू आहे, बराच पुढं गेलाय, उजव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंबांनी टिकवायची, नाही जमलं तर ऑपरेशन.

"आणि गाडी?" त्यानं विचारलं.

"गाडी आता नाही चालवायची."

"थोडी पण?"

बाईंनी नुसती मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे घराण्यात येऊ शकतं. मुलीचेही डोळे तपासून घ्या."

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी ऐकलंच नाही असं ठरवलं.

मालकाकडं तो स्वतः गेला, खरं सांगायला. मी बरोबर होते. मालक आधी ऐकत राहिला, मग उभा राहिला आणि बाहेरच्या लोकांनाही ऐकू जाईल असा ओरडला, "पोरांच्या जिवाशी खेळलास व्हय रं? माझा नातू हाय त्या गाडीत!" नवरा मान खाली घालून उभा. मला मालकाचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर हात उगारला असता. बातमी स्टॉपवरच्या आयांपर्यंत पोचली. खालच्या मजल्यावरची बाई, जिच्याकडं मी त्या रविवारी मुलीला खेळायला पाठवलं होतं, ती जिन्यात समोरासमोर आली की भिंतीकडं तोंड करून जायला लागली. तिचाही मुलगा त्याच बसमधला.

नवऱ्यानं अंथरूण धरलं. आजारी माणसासारखं नाही, भिंतीकडं तोंड करून. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली की मी त्याचं डोकं मांडीवर घ्यायचे. तो म्हणायचा, "कशाला घालतीस? वाया जाणाराय." मी बोटांनी पापणी उघडायचे, थेंब टाकायचे, आणि तो डोळ्यातून ओघळला की कळायचं नाही की तो औषधाचा आहे की त्याचा. घरात मी चाकू, दोरी, गोळ्या वरच्या फळीवर ठेवायला लागले. कुणाला सांगितलं नाही. शाळेतून मुलगी यायच्या आत मी घरी पोचायचे, एकटीनं दार उघडून तिनं नको ते बघू नये म्हणून.

मुलीनं सिनेमा लावणं बंद केलं होतं. तिनं विचारलं नाही, आपलं आपण बंद केलं.

मग एका दुपारी, नवरा आत झोपला असताना, मी एकटीनं तो लावला. आवाज बारीक करून. मला शेवट बघायचा होता. लिहिणाऱ्यांनी यातून वाट कशी काढली, एवढंच बघायचं होतं, बुडणारा माणूस काहीही धरतो तसं. शेवटी पूल कोसळतो, बाप त्याच्याखाली उभा राहतो आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हणतो, माझ्याच्यानं होणार नाही. मग सगळं घर येऊन त्याच्याबरोबर पूल धरतं. मला संताप आला. आम्ही पण म्हटलं होतं मोठ्यानं. कोण आलं? मालकानं हाकललं, शेजारणीनं तोंड फिरवलं. ही असली गोष्ट मुलांना सांगायची आणि आयुष्यभर फसवायचं, असं वाटलं.

मी बंद करणार होते, पण हात गेला नाही. पूल वाचतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि सिनेमा तिथं संपत नाही, हे मी विसरले होते. पुढं एक छोटा प्रसंग आहे. बाप स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मटार सोलतोय. शेंग नीट उघडत नाही, दाणे सांडतात. संगीत नाही. कुणी त्याला धीर देत नाही, जवळ घेत नाही. बायको दाणे सांडलेले बघते आणि अजून शेंगा आणून त्याच्यापुढं ओतते. ताकद परत येत नाही. एवढ्या सिनेमांत मी तसं कुठं पाहिलेलं नाही. बाकीच्या गोष्टी टाळ्यांवर थांबतात, कारण टाळ्यांनंतर उरलेला माणूस कुणाला नको असतो. ज्यानं कुणी तो प्रसंग लिहिला, त्याच्या घरात कुणीतरी असं बसलं असणार, याची मला तेव्हा खात्री पटली. तरी त्या दुपारी त्यातून काही धीर आला, असं खोटं मी लिहिणार नाही. मी टीव्हीसमोर बसून तोंड दाबून रडले, एवढंच.

मुलीला तपासायला न्यायचं मी पुढं पुढं ढकलत होते. ते नवऱ्यानंच काढलं. एका सकाळी तो उठून बसला आणि भिंतीलाच म्हणाला, "तिला दाखवून येऊ." दाढी केली, शर्ट घातला. अंथरूण धरल्यापासून तो पहिल्यांदाच जिना उतरला, कठड्याला धरून, एकेक पायरी पायानं चाचपत.

दवाखान्यात मुलीच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. तिला मजा वाटत होती. "पप्पा, तुमचं तोंड धुरात हाय," म्हणून हसत होती. तो हसला नाही. तिच्या दप्तराचा पट्टा त्यानं मुठीत गच्च धरला होता, जणू ती कुठं वाहून जाणार होती.

डॉक्टर बाईंनी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "आत्ता नजरेला काही झालेलं नाही. डोळ्यातलं प्रेशर मात्र वरच्या बाजूला आहे. दर सहा महिन्यांनी आणायचं, चुकवायचं नाही."

"म्हणजे हिला हुणार का न्हाय?" नवऱ्यानं विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही."

"आज न्हाय, तर कधी?"

बाईंनी कागदावर पुढची तारीख लिहिली. "लवकर आलात, हे चांगलं केलंत," म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. मुलीला उजेड सोसेना, तिनं डोळे मिटून घेतले. रिक्षा पलीकडच्या बाजूला मिळणार होत्या. नवऱ्याला मी डावीकडून धरलं, मुलीला दुसऱ्या हातानं. समोरून उसाचे ट्रॅक्टर, माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपा, मोटरसायकली, कुणी थांबायला तयार नाही. तो म्हणाला, "झालं का मोकळं?" मी म्हटलं, "नाही अजून." मुलगी डोळे मिटून म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "थांबा." दोघंही थांबले, माझ्या हाताला घट्ट धरून, आणि मी एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले.