कोऱ्या वहीची श्रेणी

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे कुणीही उचलून न्यावा असा तास. गणिताचा धडा राहिला, घ्या चित्रकलेचा. मैदान साफ करायचंय, घ्या चित्रकलेचा. इतकी वर्षं मी हे बघत आले आणि गप्प बसत आले, तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. तरी ठेवते.

सातवीत एक मुलगी होती. वडील वरठीच्या कारखान्यात कामाला, सायकलनं जाणारे-येणारे. पोरीनं बैल काढला तर जू ओढून मानेवर पडलेला घट्टासुद्धा दिसायचा. मला शिकूनही हे कधी जमलं नाही. एवढं कळल्यावर आम्ही तिला सोडतोय होय? दारातला स्वागताचा बोर्ड तिनं रंगवायचा. पाहुणे आले की रांगोळी तिची. विज्ञानाच्या सरांना पचनसंस्थेचा तक्ता हवा, तोही तिनंच काढायचा. माझ्याच तासाला बोलावणं यायचं आणि मीच म्हणायचे, "जा गं." बाकीची पोरं वहीत दोन डोंगर, मधून सूर्य आणि कडेला नारळाचं झाड काढत बसायची. आमच्याकडे आहेत धानाच्या बांध्या, नुसती भाताची खाचरं, पण चित्रात नारळ हवाच.

एप्रिलमध्ये निकाल भरायला बसले. चाळीस वह्या, एक दुपार. वही भरलेली असली की अ, अर्धी असली की ब. प्रगतिपुस्तकातली नोंद तयार नोंदींच्या पुस्तकातून उतरवायची, सगळेच तसं करतात. तिची वही आली. दुसऱ्या पानानंतर कोरी. मी नावसुद्धा नीट बघितलं नाही. क-२. 'वर्गात सहभाग कमी. चित्रकलेत रुची दिसत नाही.' पुढची वही.

काय करून बसले ते निकाल वाटल्यावर कळलं. श्रेणी बदलून मागायला मुख्याध्यापकांकडे गेले.

"मॅडम, तपासणीले वही मागतात. बोर्ड दाखवाल काय त्याइले?" ते म्हणाले.

सह्या झालेल्या निकालपत्रकावर त्यांना खाडाखोड नको होती. मीही फार ताणलं नाही. आपली चूक चारचौघांत जायला नको, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी वडील आले. पोरीला आठवीत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसायचं होतं. त्यासाठी तिनं वर्षभर घरी हट्ट धरला होता.

"मी म्हटलो होतो, अ आली त बसवतो. आता तुमीच लिवलं जी, रुची नाही म्हणून. मंग कायले बसवू?"

ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. शाळेनं लिहिलं म्हणजे खरंच असणार, असा त्यांचा आमच्यावर विश्वास. मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी वही पूर्ण करायला सांगा तिला." निघताना ते दारात थांबले, वर बघून म्हणाले, "बोर्ड मस्त काढला जी मॅडम तुमी." मी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आठवीत तिची वही सगळ्यांच्या आधी पूर्ण झाली. दोन डोंगर, मधून सूर्य, कडेला नारळ, सगळं पट्टीनं आखलेलं. बोर्ड रंगवायला बोलावलं की म्हणायची, "वही करून राहिली मी मॅडम." पहिल्या सत्रात तिला अ-१ मिळाली.

एलिमेंटरीचे फॉर्म आले, तेव्हा मी तिला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "हा भर. वडिलांशी मी बोलते."

तिनं फॉर्म वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"कायले मॅडम? मले चित्र येते कुठं?"

टोमणा असता तर मी सुखानं सोसला असता. तो टोमणा नव्हता.

"तुला येतं गं," मी म्हणाले. "खूप छान येतं."

"हो मॅडम," ती म्हणाली. बाई काही सांगतात तेव्हा पोरं म्हणतात, तसं. आणि वर्गात निघून गेली.